साडूभाऊंचा कॅमेरा आणि अक्कांचं बोट

आमच्या साडूभाऊंइतका सोलापूर जिल्हा पाहिलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि पाहिलेल्या जिल्ह्याबद्दल इतकं बोलणारा तर अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. लोक निवृत्त झाल्यावर काश्मीरला जातात, हे वळसंगला गेले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला तो फळ्यावरच. आता आपल्या जिल्ह्यातलं प्रत्येक गाव जाऊन फोटोत धरायचं, असं ठरवून त्यांनी गळ्यात विटेएवढा कॅमेरा अडकवला. "तितं काय हाय बघायला?" असं कुणी म्हटलं की हटकून त्याच गावाला जायचे. फोटो काढताना स्वतः श्वास रोखायचेच, पण समोरच्या म्हशीनंही रोखावा अशी त्यांची अपेक्षा असे.

वळसंगला तेव्हा अवकाळी पावसानं ज्वारी लोळवली होती. अशा वेळी कॅमेरा घेऊन बांधावर उभा राहिलेला चष्मेवाला माणूस म्हणजे पंचनाम्याचा साहेबच. "सायेब, माज्या रानाकडं बी चला की, लई नुकसान हाय!" म्हणत एकेक जण त्यांना ओढून नेऊ लागला. आपण साहेब नाही, असं त्यांनी सतरा वेळा सांगितलं आणि दर खेपेला लोकांची खात्री वाढत गेली. शेवटी त्यांनी अकरा रानांचे फोटो काढले आणि आठवड्यानं स्वतः जाऊन ज्याचे त्याच्या हातात दिले. खरा साहेब आला तेव्हा लोकांनी तेच पुढे केले म्हणे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि कॅमेऱ्याची कळ नेमकी उजवीकडे. "डावखुऱ्यांसाठी कॅमेरा काढायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही का हो?" असं ते मला दरडावून विचारायचे, जणू कारखाना माझाच! मग त्यांनी बोलणंच टाकलं. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे पाठ करून दिवसभर पडून राहायचे. हा माणूस आता असाच संपणार, या विचारानं मी खरंच घाबरलो. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणी अक्का, घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत. एका सकाळी त्यांनी कॅमेरा स्वतःच्या गळ्यात घातला, "उठा. तुम्ही सांगा, मी दाबते," म्हणाल्या आणि गाडी चालवायला मला जुंपलं.

माढ्याच्या वाटेवर पहिल्याच फोटोवरून जुंपली. "डावीकडं सरक. अगं, तुझी डावी!"

"अहो, माझ्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत की!"

अक्कांच्या फोटोत माणसांची डोकी गायब आणि आभाळ भरपूर. हे चिडायचे, त्या पुन्हा कळ दाबायच्या, आणि मी गाडीत बसून शेंगाचटणी-भाकरी संपवायचो.

परवा श्रीपूरला उसाच्या बैलगाड्या रांगेनं कारखान्याकडे निघाल्या होत्या. एका गाडीत मोळ्यांवर बसून एक ऊसतोडकरीण निवांत वेणी घालत होती. अक्कांनी कॅमेरा उचलून सवयीनं विचारलं, "कुठून काढू?"

साडूभाऊ उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते. म्हणाले, "तुला दिसतंय तसं काढ."

काढलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. "मला असा आला नसता," म्हणाले. आमटीलासुद्धा कधी बरी न म्हणणारा हा माणूस! अक्का तोंड फिरवून पदरानं भिंग पुसत राहिल्या. त्या क्षणी साडूभाऊंनी आपला कॅमेरा त्यांना खरोखर देऊन टाकला होता.