जानेवारीची गैरहजेरी

आमच्या बचत गटाची मी नऊ वर्षं सचिव आहे. कोल्हारजवळच्या आमच्या गावात बैठक वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते ती माझ्यामुळे, असं बायका म्हणतात. थोडं कौतुकानं, बरंचसं वैतागून. वर्षात तीन बैठका बुडवल्या की प्रशिक्षणाच्या यादीतून नाव जातं, हा नियमही माझाच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शाळेचे गणवेश शिवण्याचं प्रशिक्षण आलं. महिनाभराचं, जागा बारा. पूर्ण करणारीला शिलाई मशीनसाठी बँकेचं कर्ज मिळणार होतं. मी हजेरीपट उघडला, बारा नावं काढली, आधारच्या प्रती जोडल्या आणि त्याच दुपारी यादी तालुक्याला पोचवली.

दोन दिवसांनी आमच्या गल्लीतली एक बाई घरी आली. तिचा नवरा वारलाय. ती रोज पहिल्या एसटीने शिर्डीला जाते आणि एका हॉटेलच्या चादरी धुते. सोड्यानं तिची बोटं कायम चिरलेली असतात. ते काम सोडून घरी मशीन टाकायचं, म्हणून या प्रशिक्षणाची चौकशी सगळ्यांत आधी तिनंच केली होती.

यादीत नाव का नाही, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, तीन गैरहजेऱ्या. एकदा मुलीला ताप होता, एकदा हॉटेलात गर्दी होती, या दोन तिला आठवत होत्या.

"तिसरी कवाची, ताई?"

"जानेवारीची."

तिनं पटावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"त्या दिशी हळदीकुंकू हुतं," ती म्हणाली.

बायका जमणारच आहेत तर बैठकही उरकून घेऊ, एकच सतरंजी, एकच चहा, हे मीच ठरवलं होतं. आधी बैठक झाली, मग कुंकू, तिळगूळ, वाण. हळदीकुंकवाला विधवेला आमच्याकडे बोलावत नाहीत आणि तीही येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या नावापुढे फुली मारताना ते डोक्यात आलं नाही.

मी तालुक्याला फोन केला. यादी वर गेली होती, नाव बदलता येणार नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी चूक माझी आहे असं सांगितलं. ती दाराजवळ बसली होती.

"तिला येऊ नको असं कुनी म्हनलं हुतं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कोणी म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. ताईंना एक चहा वाचवायचा होता, असं मागून कुणीतरी बोललं आणि दोघीतिघी हसल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी बैठक घ्यायची नाही, असा ठराव मी लिहिला. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुढचा विषय घेतला.

त्या बारा जणींपैकी नऊ जणींच्या घरी आता मशीन आहे. दिवाळीनंतर दुसरी तुकडी निघाली, तेव्हा मी सगळ्यांत आधी तिच्याकडे गेले. ती अंगणात धान्य पाखडत होती.

"तवा काम कमी हुतं, मॅनेजर म्हैनाभर सोडत हुता," ती म्हणाली. "आता न्हाई सोडत. गेले तर जागा जाती."

मी बरं म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. अजून चार नावं हवी होती.