उंच फ्रेट

गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, कानशीने घासायला लागले की गरम, तुरट वास सुटतो. त्या वासाने मी थेट कॉलेज रोडवरच्या जुन्या क्लासमध्ये जाऊन पोचते.

चांदवडहून एसटीने यायचे मी. क्लासची गिटार घेऊन जीव खाऊन तार दाबायचे आणि सूर चढायचा. एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कानच नाहीत गं. कांदे निवडायची बोटं ही. गिटार सोड." अख्खा वर्ग खिदळला. बोटांवरचे तारांचे वळ मी मुठीत लपवले.

आता गिटारदुरुस्तीत मुरल्यावर कळतं, माझे कान ठीकच होते. त्या गिटारचे फ्रेट उंच होते. उंच फ्रेटवर तार जोरात दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. हे सांगायला सरांना अर्धं मिनिट पुरलं असतं.

गेल्या आठवड्यात सर माझ्या दुकानात आले. मला ओळखलं नाही. "फ्रेट झिजलेत, मॅडम. नवे बसवा, साइज तुम्हीच ठरवा." मी त्यांना वाजवायला लावलं. तार अजूनही खिळा ठोकल्यासारखी दाबतात. अशा हाताला बुटके फ्रेट हवेत. मी सगळ्यात उंच बसवले.

काल त्यांनी इथेच बसून वाजवून पाहिलं. सूर चढला. पुन्हा दाबलं, पुन्हा चढला.

"असं का होतंय?"

"फ्रेट बरोबर आहेत, सर. तुम्हाला कानच नाहीत."

ओळख पटली की नाही, कोण जाणे. बोटं मात्र त्यांनी मुठीत मिटून घेतली.