दोनाआजीचं ‘असू दे’

अहो, दोनाआजीनं सुनेच्या हाताचा मुका घेतला! सासूनं, सुनेच्या हाताचा! आमच्या व्रेलो गावात ही बातमी फुटली तेव्हा झऱ्यावरच्या बायकांनी घागरी भरून वाहू दिल्या आणि नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हातारा पेतको म्हणाला, "नदी उलटी डोंगर चढली असती तरी मी एवढा हबकलो नसतो." आणि खोटं कशाला बोला, मीही हबकले होते.

कारण दोनाआजी म्हणजे गावातली सगळ्यात गोड बाई. तोंडून कधी वावगा शब्द नाही, पोराबाळांवर ओरडणं नाही, शेजारणीशी कुरबूर नाही. प्रेमळ घराचा दाखला द्यायचा झाला की पाद्रीबुवा नाव न घेता तिच्याकडेच बघायचे. मग ती मान खाली घालायची, पण फार खाली नाही.

तिचा पाव तर विचारूच नका. उलटा करून टिचकी मारली की टणटण वाजायचा. कणीक मळून झाली की हाताच्या कडेनं तिच्यावर क्रूस उमटवायचा, "देवा, वाढव," म्हणायचं आणि वर लोकरीचं कांबळं घालायचं. तिच्या सासूची रीत हीच आणि सासूच्या सासूचीही हीच.

सून नेदा आली खालच्या सपाटीवरच्या शहरातून. तिच्या माहेरी पाव बेकरीतून यायचा. अशा पोरीच्या हातचा पाव कसा होणार? खालून कोळसा, आत चिकट लगदा. दुसरी सासू असती तर गावभर डंका पिटला असता. दोनाआजी नुसती हसायची. "असू दे गं पोरी, असू दे," म्हणायची, नेदाच्या पुढ्यातली काथवट हळूच आपल्याकडे ओढायची आणि सगळी कणीक पुन्हा मळायची. बघणाऱ्या बायका म्हणायच्या, "सासू असावी तर अशी! नशीब काढलंस हो नेदा!" नेदा एप्रनला हात पुसत बाजूला उभी राहायची.

मग हिवाळ्यात आजीच्या लेकाच्या, स्तामेनच्या, नावाचा सण आला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. आजीचं डोकं दुखत होतं म्हणून त्या दिवशी टेबलावर पाव होता नेदाचा. पाहुणे बसले, पेले भरले, आणि टेबल लागलं डुगडुगायला. स्तामेनच्या पोटात बरीच गेलेली. त्यानं नेदाच्या पावाची जाड फोड कापली आणि दिली सारून टेबलाच्या पायाखाली. "बघा रे," म्हणाला, "बायकोचा पाव अखेर कामाला आला!" सगळे पोट धरधरून हसले. आमच्याकडे जमिनीवर पडलेला पावाचा कण उचलतात, त्याचा मुका घेतात, मग तोंडात टाकतात. पण तो तुकडा कोणी म्हणजे कोणी उचलला नाही. पाहुणे गेल्यावर नेदानंच तो ओढून काढला. दोनाआजी म्हणाली, "असू दे गं. पुरुषांची जातच तशी."

यानंतर आला माफीचा रविवार. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा मोठा उपास, आणि मनात अढी ठेवून उपास धरायचा नाही. म्हणून त्या संध्याकाळी धाकट्यानं थोरल्याच्या हाताचा मुका घ्यायचा, म्हणायचं, "माफ करा," आणि थोरल्यानं म्हणायचं, "देव माफ करो, मी केलं." लेकरू आईबापाची मागतं, बायको नवऱ्याची मागते, ते दोघं म्हातारीची. सगळ्यात वर बसलेल्या माणसानं कोणाची मागायची? कोणाचीच नाही! सासू वारली, नवराही गेला, आणि तेव्हापासून दोनाआजी नुसती माफ करत आली होती. आता माणसाला वर्षानुवर्षं माफी मागावी लागली नाही, तर आपलं कधी काही चुकतच नाही असं त्याला वाटणार नाही तर काय?

त्या दुपारी ती लाल दोरा शोधत होती. त्या दिवशी उकडलेलं अंडं दोऱ्यानं तुळईला टांगतात आणि हात न लावता ते तोंडात पकडायचा पोरांचा खेळ असतो. नात यानानं दोऱ्यासाठी सकाळपासून डोकं खाल्लेलं. आजीनं कपाटामागे हात घातला आणि हाताला लागलं गाठोडं. उघडलं, तर आत यानाचे लोकरीचे मोजे, आणि नेदानं माहेराहून आणलेली मारियामातेची तसबीर.

आजी मटकन खालीच बसली. "नेदा! हे काय गं?"

"उद्या माहेराहून कोल्योदादा गाडी घेऊन येतोय," नेदा म्हणाली. "मी आणि याना जातोय. माफी मागितल्याशिवाय घर सोडू नये म्हणून आजचा दिवस थांबले."

"अगं बाई! पण या घरात कोण काय बोललं तुला?"

"कोणीच नाही," नेदा म्हणाली, आणि भट्टीत लाकडं सारायला निघून गेली.

सून गेली, नात गेली, मग मागे उरलं काय? बसल्या बसल्या आजीला टेबलाखालची ती फोड आठवली. स्तामेन! हे सगळं त्या मेल्याचं! आज याला वठणीवर आणते, असं ठरवून ती उठली.

संध्याकाळी सगळे टेबलाशी जमले. आधी याना आली. मग नेदानं नवऱ्याची माफी मागितली, सासूची मागितली; दोघांनी माफ केलं. शेवटी स्तामेन आईपुढे वाकला. "माफ कर आई."

दोनाआजीनं हात मागे घेतला.

"आधी तिची माग," ती म्हणाली.

स्तामेनचे डोळे पांढरे झाले. नवऱ्यानं बायकोची माफी मागायची? ती कुठली रीत? "हिची? कशाबद्दल?"

"पावाबद्दल! टेबलाखाली घातलास तो! देवाचं अन्न आणि माझ्या सुनेचे कष्ट! तिचं गाठोडं बांधून तयार आहे, ठाऊक आहे का तुला?"

स्तामेननं बायकोकडे पाहिलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. चेहरा उतरला त्याचा, आणि उतरला तसाच तापला. "मी घातला, कबूल," तो म्हणाला. "पण आई, तूही हसलीस. तोंडावर हात ठेवून हसलीस. मी बघितलं."

"मी?"

"तू."

आजीनं नेदाकडे बघितलं. ती नाही म्हणेल, अशी फार आशा होती तिला. नेदा म्हणाली, "ते जाऊ द्या. हे प्यायले होते, मूर्खपणा केला. त्यासाठी मी घर सोडत नाही."

"मग कशासाठी गं?"

"तुमच्या ‘असू दे’साठी." नेदा आता थांबली नाही. "रागवला असतात तर शिकले असते आई. पाणी जास्त झालं म्हणाला असतात, भट्टी फार तापली म्हणाला असतात. तुम्ही गोड हसायच्या आणि माझी कणीक मोडून परत मळायच्या. मी कणकेवर क्रूस काढायची ना, देवाचं नाव घेऊन? तो दर वेळी तुम्ही पुसलात आणि तुमचा काढलात. माझा क्रूस या घरात एकदासुद्धा भट्टीपर्यंत पोचला नाही."

दोनाआजीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. क्रूस पुसला? मी? रविवार न चुकवणाऱ्या बाईनं? आणि एकदाच नव्हे, दर वेळी, हसत हसत! इतकी वर्षं तिला वाटत होतं की या हातांनी आपण सुनेला सांभाळतोय.

तुळईखालचं अंडं हलत होतं.

आजी उठली. गुडघे कुरकुरले. टेबलाला वळसा घालून नेदापाशी गेली, वाकली, आणि नखांत कणीक अडकलेला तो हात उचलून तिनं त्याचा मुका घेतला. "माफ कर मला, पोरी."

"अहो आई, हे काय करताय!" नेदानं हात ओढला, पण म्हातारीनं सोडला नाही. स्तामेन खांबासारखा उभा. नेदाच्या ओठांवर सवयीनं आलं, "असू..." आणि तिनं जीभ चावली. "नाही. असू दे म्हणणार नाही मी. चुकलंच तुमचं. देव माफ करो, मीही केलं."

मग स्तामेनही पुढे आला. काय पुटपुटला ते कोणाला ऐकू गेलं नाही, पण त्याचे कान लालभडक झाले होते. गाठोडं मात्र कोणी सोडलं नाही, आणि ते सोड म्हणायची आजीची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी कोल्यो गाडी घेऊन आला. दार ढकलतो तर आत आरडाओरडा.

"अगं भवाने, किती पाणी ओततेस! कणीक मळतेस का मासे सोडतेस तिच्यात?"

कोल्यो उंबऱ्यातच थिजला. दोनाआजी? जिचा आवाज कधी चढला नाही, ती? म्हातारी बाकावर बसली होती, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून, आणि तोंडाचा पट्टा चालू. काथवटीशी नेदा, कोपरापर्यंत बरबटलेली, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती.

"मग पीठ द्या की! नुसत्या ओरडता काय!"

"मी नाही हात लावणार. तुझं तू घे. आणि जरा जोर लाव, मांजर कुरवाळल्यासारखं काय करतेस!"

"नेदा," कोल्यो म्हणाला, "गाडी उभी आहे."

"उभी राहू दे दादा. कणीक भिजवलीय, आता कशी येऊ?"

तिनं गोळा थापटला, हाताच्या कडेनं क्रूस काढला. जरा वाकडाच आला. आजीचे हात मांड्यांखाली चुळबुळले, पण बाहेर आले नाहीत. मग म्हातारीनं कांबळं उचललं आणि त्या वाकड्या क्रुसावर घातलं.

दुपारी कोल्यो एकटाच परतला. गाडीत बहिणीच्या हातचा एक पाव होता, खालून थोडा करपलेला.