पांढऱ्या साडीतला फोटो

"हे काय, कुणी वारलं होतं का?"

नानांनी आमच्या लग्नाचा फोटो दोन बोटांत धरून असं विचारलं. फोटोत बायको पांढऱ्या साडीत, मी पांढऱ्या सदऱ्यात, दोघांच्या हातात फुलं. मागे टेबलावर बुद्धाची तसबीर आणि मेणबत्त्या. मी म्हटलं, "नाना, आमचं लग्न आहे ते." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली. बोटांना घाम नव्हता. जानेवारी होता.

आखातात, धाहरानजवळच्या आमच्या कॅम्पात नाना म्हणजे कंपनीच्या ऑफिसातले मोठे साहेब. पुण्याचे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना असो की सुट्टीचा अर्ज, आम्ही मराठी पोरं त्यांच्याकडेच धावायचो. इंग्रजी टाइपरायटर त्यांचा, कंपनीचा शिक्काही त्यांच्याच कपाटात. साध्या कामगारालाही ते अहो-जाहो करायचे आणि सगळे त्याचं कौतुक करायचे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही. सात वर्षं त्यांना कळलं नाही. मीही कळू दिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी एसीचा मेकॅनिक. बायको अमेरिकेत नर्स, तिला तिकडचं ग्रीन कार्ड मिळालेलं. ती सुट्टीवर गावी आली तेव्हा लग्न झालं. एकवीस दिवस एकत्र राहिलो. मग ती तिकडे आणि मी इकडे. तिने तिकडून नवऱ्याच्या व्हिसासाठी अर्ज घातला. तीन वर्षं वाट बघितली आणि अमेरिकन वकिलातीचं मुलाखतीचं पत्र आलं ते नेमकं आखातात लढाई पेटली तेव्हा. रोज हवाई हल्ल्याचे भोंगे. कॅम्पातले अर्धे लोक बोचकं बांधून तयार. आणि मला सिद्ध करायचं होतं की माझं लग्न खरं आहे. एकवीस दिवसांच्या संसाराचा पुरावा काय देणार? विहारातून मिळालेला लग्नाचा दाखला, पत्रांचा गठ्ठा आणि तो एक फोटो. या देशात तसबिरी चालत नाहीत, म्हणून तीन वर्षं तो पेटीच्या तळाला, पायजम्याच्या घडीत लपवून ठेवला होता. वकिलातीला कंपनीचं नोकरीचं पत्रही हवं होतं, म्हणून सगळे कागद घेऊन नानांकडे गेलो होतो.

नानांनी दाखला वाचला. मग माझी कंपनीची फाइल काढली. तिथे धर्माच्या रकान्यात हिंदू. माझ्याच अक्षरात. मुंबईत भरती करणारा एजंट म्हणाला होता, "बौद्ध लिहू नको, अरब प्रश्न विचारत बसेल." मी लगेच ऐकलं. खरं सांगू? अरबाची भीती कमीच होती. कॅम्पात मराठी माणसं असणार, ती भीती जास्त होती.

"तरीच," नाना म्हणाले. "हे तू आधी सांगायला हवं होतंस."

तू. सकाळपर्यंत मी 'तुम्ही' होतो.

"दोन कागदांवर दोन धर्म. केस खलास होईल तुझी. आणि हे असं लग्न, ना होम, ना सप्तपदी. गोऱ्या साहेबाला कोण समजावणार? मी प्रतिज्ञापत्र टाइप करतो. वैदिक पद्धतीने, अग्नीसमोर सप्तपदी झाली. फोटो गहाळ झाले. बायकोला सांग, लाल साडी नेसून, मंगळसूत्र घालून एक फोटो काढून पाठव. तुझं भलंच करतोय मी."

त्यांनी टाइप केलं. मी सही केली. हो, केली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

सहीची शाई वाळते न वाळते तोच भोंगा झाला. नानांच्या खोलीच्या खिडक्यांना टेप लावलेली होती. ऑफिसातल्या माणसांना गॅसचे मास्क मिळाले होते. आम्हा कामगारांना सांगितलं होतं, टॉवेल ओला करा आणि नाकावर धरा. नानांनी ड्रॉवरमधून मास्क काढला. हिशेबनीस धावत आत आले. ड्रायव्हर आला. चहा करणारा केरळचा माणूसही आला. त्या दोघांकडे मास्क नव्हते, टॉवेलच होते. माझ्यासारखेच. मीही आतच उभा होतो की. नानांनी मला खांद्याला हात न लावता, नुसत्या मानेने दार दाखवलं.

"तू बाहेर थांब. जागा नाही."

आणखी सहा माणसं बसतील एवढी जागा होती. मी बाहेर आलो. दार लागलं. आतून फटीवर टेप चिकटवल्याचा आवाज आला.

मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलो, तोंडावर ओला टॉवेल धरून. गावच्या शाळेत मला दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसवायचे. तिथे बसून मी बाराखडी शिकलो. समुद्र ओलांडून आलो आणि परत दाराजवळच. वरून पडेल ते विष जात विचारणार नव्हतं. नानांनी ती विचारली होती, एक फोटो बघून. आणि मी त्यांच्याच कागदावर सही करून बसलो होतो. भीतीपेक्षा राग जास्त आला, आणि तो नानांपेक्षा माझाच मला जास्त आला.

त्या संध्याकाळी फोनच्या रांगेत उभा राहिलो. माझा आवाज ऐकला की बायको पहिल्यांदा "जयभीम" म्हणते. मी नेहमी "हां, बोल" म्हणायचो. मागे रांगेत मराठी पोरं असायची. त्या दिवशीही "हां" म्हणालो आणि सगळं सांगितलं. लाल साडीचंही.

"तुम्ही सही केलीत?"

"केली. इथे आगीचे गोळे पडतायत गं. मला तुझ्याकडे यायचंय."

"मला काय तुम्ही नकोयत? टीव्हीवर तिकडचा भोंगा वाजला की मी वॉर्डात हातातलं काम टाकून उभी राहते. पण अग्नीभोवती सात पावलं चालली ती बाई कोण? मी तर पंचशील म्हणत उभी होते. आईने चिपळूणहून पांढरी साडी आणली होती माझ्यासाठी. तुम्ही कुठल्या बाईकडे निघालात?"

मला रडू आलं. रांगेतल्या पोरांनी ते बघितलं. बघू दे म्हटलं.

सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या गेलो.

"नाना, तो कागद द्या."

"वेड लागलंय का? शिक्का मारलाय मी त्याच्यावर."

"द्या."

त्यांनी तो टेबलावरून सरकवला. मी त्यांच्यासमोर त्याचे चार तुकडे केले. मग म्हणालो, "माझी फाइल काढा. हिंदू खोडा, बौद्ध लिहा. मी बाजूला सही करतो."

"उपकाराची जाणच नाही तुम्हा लोकांना," नाना म्हणाले. "कंपनीचं पत्र विसर आता."

"विसरलो," मी म्हणालो. पण फाइल दुरुस्त होईपर्यंत खुर्ची ओढून बसलो. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो होतो.

मुलाखतीला कंपनीच्या पत्राशिवाय गेलो. साहेबाने फोटो बघितला, पांढरे कपडे का म्हणून विचारलं. आमच्यात लग्नाला हेच घालतात, असं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, पण सांगितलं. त्याने मान डोलावली आणि कागदांची यादी बघितली. कंपनीचं पत्र नाही, म्हणून फाइल बाजूला ठेवली. ते आणल्यावर या, म्हणाला. तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे उठले.

त्याच संध्याकाळी परत फोनच्या रांगेत. मागे तीच पोरं. फोन लागला. या वेळी आधी मी बोललो, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"जयभीम. फाइल अडली."

ती म्हणाली, "अडू दे. परत घालू."

परत घालीन. दहा वेळा घालीन. पण माझं लग्न आता दुसऱ्याच्या टाइपरायटरवर लागणार नाही. जाईन तर याच फोटोतला नवरा म्हणून जाईन. नाहीतर इथेच एसी दुरुस्त करत राहीन. आणि पुढच्या भोंग्याला ते दार माझ्या तोंडावर लागलं, तर लाथ घालून उघडीन.