गाठीचा चारा

डोमाला गावातला जो तो शहाणा म्हणे, आणि तिथंच घोळ झाला. मूल गावाजवळच्या तलावात कुठला मासा कशाला भुलतो, हे त्याला बरोबर ठाऊक. गरी टाकण्याआधी तो जाळ्यातला एखादा मासा चिरून त्याच्या पोटात काय आहे ते बघायचा आणि तसाच चारा लावायचा.

तर दोन हजार चार साली त्याच्या बायकोच्या, गोकुळाच्या, डोक्यातली गाठ नागपुरात काढली, वरून किरणांचा शेकही दिला. वर्षभरानं मशीनमध्ये घालून काढलेल्या डोक्याच्या फोटोत तिथंच पुन्हा डाग. डॉक्टर म्हणाले, "गाठ परत आली असेल, नाहीतर शेकानं जळाल्याची खूण असेल. साध्या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. त्याच मशीनमध्ये वेगळी तपासणी करू. गाठ जिवंत असली तर ती काय खाते, काय टाकते, ते त्यात उमटतं." तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

खाते? डोमाच्या डोक्यात तेवढंच बसलं. गाठ खाते म्हणजे गोकुळाच्याच ताटातलं खाते. मग चाराच तोडला तर? झालं. भात बंद, गूळ बंद, मासेसुद्धा बंद. दोन वेळा पातळ आंबील, बस. गोकुळा बिचारी मुकाट्यानं प्यायची. पंधरा दिवसांत ती भिंत धरून चालायला लागली. आता ही गाठीनं खंगली की उपासानं, ते आमच्या शहाण्यालाही उमगेना. खायला द्यावं तर गाठ पोसायची भीती, न द्यावं तर बायको डोळ्यांदेखत झिजते. शेजारच्या बायनाबाईनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

तपासणी झाली. कागदावर नुसत्या उंचसखल रेघा. डोमानं कागद उलटासुलटा करून पाहिला, डोंबलाचं काही कळेना.

"गाठ नाही, जळाल्याचीच खूण आहे," डॉक्टर म्हणाले. "पण बाईंचं वजन सहा किलो कसं उतरलं?"

"मीच उपाशी ठेवलं साहेब. गाठ मरावी म्हणून." डोमा घुटमळला. "मंग थे उपासानं नाई मेली?"

"मरायला ती होतीच कुठं? घरी नेऊन पोटभर जेवू घाला."

डोमाला हसावं की रडावं कळेना. दवाखान्यासमोरच्या खानावळीत त्यानं भात-वरणाचं ताट मागवून तिच्यापुढं सरकवलं. कालवलेला घास हातातच धरून गोकुळानं त्याच्याकडे पाहिलं.

"खाऊ ना जी?"

पंचवीस वर्षांच्या संसारात जेवायला तिनं त्याची परवानगी कधी मागितली नव्हती.