एकवीसपैकी वीस

“ड्रायव्हरच्या मुलीला एकवीसपैकी वीस?” मॅडम हसल्या. माझी उत्तरपत्रिका दोन बोटांत धरून त्यांनी सरांपुढे केली. “सर, हिनं चीटिंग केलंय. रेवाची जुनी पुस्तकं हिच्याच घरी जातात.”

मी सतरा वर्षांची होते. दुबईत, अल बर्शातल्या मॅडमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाबा मला न्यायला आले होते. चपला बाहेर काढून दारातच उभे होते. ते मॅडमच्या यजमानांच्या, डॉक्टरसाहेबांच्या क्लिनिकची गाडी चालवत. त्यांचा व्हिसा क्लिनिकचा, आणि त्यांच्या व्हिसावर आईचा आणि माझा.

आता क्रमाने सांगते.

रेवा आणि मी देणार होतो त्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी वाचनाचा एक विभाग होता. उतारा कशावरही येई: प्रवाळ, जुने कायदे, चित्रकला. खाली सात प्रश्न. वेळ दहा मिनिटे. शिकवणीचे सर केरळचे, निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम एकच. आपल्याला आधीपासून जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचे. उतारा काय म्हणतो तेवढेच सांगायचे, आणि उत्तराशेजारी आधाराच्या ओळीचा क्रमांक लिहायचा. मला हा नियम फार आवडला. आधार दाखवला की माझे म्हणणे मान्य होत होते. असे याआधी कुठेच झाले नव्हते.

शिकवणी रेवाची होती. ती मॅडमची एकुलती एक मुलगी. एकटीने अभ्यास करायला कंटाळायची, म्हणून मॅडमनी बाबांना सांगितले, “शुक्रवारी तुमच्या मुलीला आणत जा. रेवाला जरा कॉम्पिटिशन.” पहिल्याच दिवशी त्यांनी माझे आडनाव विचारले. मग गाव. मग गावात घर कोणत्या बाजूला, तेही. मी सांगितले. त्यांनी “अच्छा” म्हटले. त्या दिवसापासून माझा पाण्याचा ग्लास वेगळा आला. कागदाचा.

रेवाने सोडवून टाकलेली पुस्तके मला मिळत. तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा बाबा खोडत. क्लिनिकबाहेर गाडीत थांबावे लागे, तेव्हा पुस्तक स्टिअरिंगला टेकवून एकेक पान. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून छापलेले सोडून जे जे दिसे ते सगळे खोडत. “कोरं करकरीत करून आणलंय बघ,” म्हणत.

त्या शुक्रवारी सरांनी तीन उतारे दिले. त्यातला एक जुन्या पुस्तकातला निघाला. तो रेवाने पूर्वी सोडवला होता, मीही. या वेळी तिला तेरा मिळाले. मला वीस.

“सर,” मी म्हणाले, “त्या उताऱ्यात रेवाची चार उत्तरं चुकली होती. तुमच्या वहीत तिचे जुने गुण आहेत. मी उतरवलं असतं, तर तिच्या चुकाही उतरल्या असत्या.”

सरांनी वही उघडली. पान सापडले. बोट एका ओळीवर थांबले. “मॅडम, ॲक्चुअली...”

“सर, चाय लीजिए. ठंडी हो रही है.”

सरांनी वही मिटली.

“मम्मा, लीव्ह इट ना,” रेवा म्हणाली.

“तू गप्प बस.” मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुमच्या लोकांना तिकडं राखीव जागा आहेत ना? मग इथं कशाला पुढं पुढं?”

मी उत्तर देणार, एवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

“चुकलं मॅडम. पोर आहे. पुन्हा नाही होणार.”

ज्यांनी ते पुस्तक स्वतःच्या हातांनी कोरे केले होते, ते हे म्हणाले. त्यांच्याइतकी खात्री जगात कोणालाच नव्हती. आणि तेच चोरी कबूल करत होते. माझी.

शारजाला, आमच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या.  बाबा समोर बघतच म्हणाले, “व्हिसा त्यांच्या हातात आहे, बाळा.”

“तुम्हाला माहीत होतं ना?”

“माहीत होतं.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला त्यांचा राग करता आला नाही. ते अधिक वाईट होते.

आठवड्याने मॅडमचा निरोप आला. इंग्रजीत माफीचे पत्र लिहावे, मग येता येईल. बाबांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. “चार ओळी लिही. तुझं वर्ष वाचेल.”

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. दुसरे सर परवडणारे नव्हते. शारजात घरी मला एकटीलाच अभ्यासाला बसावे लागणार होते. हे सगळे मी मोजले. मग कागद घडी न घालता त्यांच्यासमोर परत ठेवला.

“बाबा, नोकरीसाठी तुम्हाला वाकावं लागतं. मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण माझ्या नावानं नाही. उद्या सांगा त्यांना, मुलगी येणार नाही, आणि तिनं चोरी केलेली नाही.”

“हे मी कसं सांगू?”

“मग मी सांगते.”

मी फोन लावला. मॅडमनीच उचलला. मी नाव सांगितले, आडनावासकट. म्हणाले, “मी उत्तरं चोरली नाहीत. मी माफी लिहिणार नाही. मी परीक्षेला बसणार आहे.” त्यांनी फोन ठेवला. बाबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांचे पुढे काय होईल, मला माहीत नव्हते. तरी शब्द मागे घेतले नाहीत. न केलेल्या गुन्ह्याची कबुली माझ्याकडून यापुढे कोणालाही मिळणार नाही. माझ्या वतीने ती द्यायचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही. माझ्या बापालाही नाही.