फियाटीच्या ब्रेकातली हवा

शिनोलीच्या कुंडलिकनं मंचरला फतेचंद शेठच्या गाडीवर उमेदीची वर्षं काढली. दोन हजार साली शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी फियाट कुंडलिकला देऊन टाकली. तेव्हापासून ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी. फडकं मारावं, बॉनेट उघडून नुसतं बघत बसावं, एवढ्यावर गडी खूश. म्हशीला लावत नाही एवढा हात हिला लावतो, असं त्याचा बाप जानकूनाना चारचौघांत सांगायचा.

एकदा बाहेर काढली तर उतारावर ब्रेक लागला नाही आणि गाडी थेट नानाच्या कडब्याच्या गंजीत घुसली. माणसं वाचली, गंजी बसली. नानानं लगोलग भंगारवाल्याला सांगावा धाडला. कुंडलिकनं लई विनवण्या केल्या तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, की तो दारात यायच्या आत ब्रेक लागला तर ठेव, न्हाईतर घालव.

कुंडलिकनं रबरं बदलली, ऑइल भरलं. पण पायपात हवा राहिलेली. पेडल लोण्यात पाय घातल्यागत खाली जायचं. हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागची हवा सोडायची निपल ढिली करायची. तिला लावलेल्या नळीतून बुडबुडे बाटलीत येतात. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, उचलला की हवा परत आत.

बायको इंद्रायणी सीटवर बसली, कुंडलिक मागच्या चाकाखाली शिरला. दाब म्हटलं की दाबायची, सोड म्हटलं की सोडायची. बाई कामाला चोख. तरी बुडबुडे काही संपेनात. कुंडलिकनं ऑइलला शिव्या घातल्या, पान्याला घातल्या. मग खालून त्याला दिसलं. अंगणात नानाच्या वहाणा करकरल्या, आणि इकडं इंद्रायणीचे दोन्ही पाय भुईवर आले.

"अगं, उठती कशाला?"

"अवं, मामंजींसमोर बसून ऱ्हाऊ का मी?" ती पदर सावरत म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यापुढं कधी बसली नव्हती. आणि म्हातारा तर गाडी कधी जाते ते बघायला घडीघडी चकरा मारत होता. त्याला त्याच्याच अंगणात येऊ नको कोण म्हणणार?

कुंडलिक धुळीतून बाहेर आला. "नाना, तुमीच बसा. तुमाला कुणासाठी उठायचं न्हाई."

म्हातारा कुरकुरत बसला. पण पायात जोर होता. दाबलं की गाडीच हलायची. मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं एक झालं. इंद्रायणी चहा ठेवून गेली, तोही त्यानं पाय न हलवता घेतला.

शेवटच्या चाकाला भंगारवाला टेम्पो घेऊन दारात आला. नाना, उतरता ना, गाडी बघू द्या, म्हणाला.

"पाय गुतलाय माझा," म्हातारा जागचा हलला नाही. "तू जा पुढल्या गावाला."

चाकाखाली कुंडलिकनं निपल केव्हाच आवळली होती. पण टेम्पोचा आवाज पार विरेपर्यंत तो काही सोड म्हणाला नाही.